तीन दिवसांची दाढी

मित्रांनो, मी एक जुना दाढीचा ब्रश आहे. माझी मूठ लाकडी आहे आणि डोक्यावरचे केस निम्मेच उरले आहेत. दाढीच्या ब्रशाला टक्कल पडलेलं बघून तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा. पण त्याआधी एक गोष्ट कबूल करतो. आयुष्याची पहिली एकोणीस वर्षं मी दाढीच्या सामानाच्या दुकानात काढली, रोज वाटीवाटीने फेस केला, आणि तरी एकाही माणसाच्या गालाला माझा स्पर्श झाला नव्हता.

एका छोट्या कारखान्यात, खिडकीजवळच्या बाकावर बसून एका बाईंनी मला बांधलं. त्या केसांची जुडी दोऱ्याने आवळायच्या, स्वतःच्या वरच्या ओठावरून फिरवून बघायच्या आणि टोचली तर उसवून पुन्हा बांधायच्या. माझी जुडी त्यांना एका दमात पसंत पडली. मूठ मात्र दगा देऊन गेली. लाकडात नखाएवढी गाठ होती आणि पॉलिश चढल्यावर ती डागासारखी उठून दिसायला लागली. डझनभर ब्रशांच्या खोक्यात मी एकटा डागाळलेला. दुकानदाराने खोकं उघडलं, मला उजेडात धरलं, अंगठ्याने ती गाठ चाचपली आणि म्हणाला, "हा नमुन्याला ठेवू." त्या एका वाक्याने माझं नशीब ठरलं. माझे अकरा भाऊ एकेका घरी गेले. मी दुकानातच राहिलो.

दुकान अरुंद होतं. एका बाजूला किल्ल्या करून देणारा, दुसऱ्या बाजूला चष्म्यांचं दुकान, आणि मधे आम्ही. आत काचेच्या कपाटात रेझर, पात्यांच्या पुड्या, वाट्या, तुरटीचे खडे, साबणाच्या गोल वड्या. मागच्या भिंतीला एक बेसिन, त्यावर आरसा आणि समोर उंच खुर्ची. सगळे दुकानदाराला काका म्हणत. गिऱ्हाइकाला साबण दाखवायचा झाला की काका मला कोमट पाण्यात बुडवत, दोनदा झटकत, वडीवर घोळवत आणि गिऱ्हाइकाच्या हाताच्या पाठीवर फेस काढत. गालावर नाही. एकाच्या गालावर लावलेला ब्रश दुसऱ्याला लावायचा नाही, हा काकांचा कडक नेम. मी हजारो हात पाहिले. समोर आरशात गाल दिसायचे, आणि मी त्यांच्याकडे नुसता बघत बसायचो.

काकांचा आणखी एक नेम होता. पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाला ते काहीही विकत नसत. "तीन दिवस दाढी करू नका आणि मग या," एवढंच सांगून त्याची बोळवण करत. तीन दिवसांनी तो माणूस खुंट वाढवून आला की त्याला खुर्चीत बसवायचं, गालावरून बोटाची पाठ फिरवायची आणि केस कुठे खाली वाढतात, कुठे आडवे, कुठे भोवरा आहे, ते एका कार्डावर बाण काढून नोंदवायचं. कार्डावर चेहरा नेहमी आरशात दिसतो तसाच काढायचा, कारण माणूस दाढी आरशात बघून करतो. मग कपाट उघडायचं. कुणाला भारी रेझर, कुणाला हलका, कुणाला सांगायचं की तुमचा जुनाच चांगला आहे, फक्त उलटा हात मारू नका. चेहरा बघितल्याशिवाय वस्तू काढायची नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

या नेमापायी गिऱ्हाइकं तुटलीही. एकदा एक नवरदेव अगदी गुळगुळीत गालाने आला. लग्न परवावर आलेलं. काका म्हणाले, तीन दिवसांनी या. तो बिचारा दुकानाच्या पायरीवर उभा राहिला आणि तिथूनच मोबाइलवर सगळं सामान मागवून मोकळा झाला. पुढे पुढे तर लोक तासभर बसायचे, कार्ड काढून घ्यायचे, शंका विचारायचे आणि गोड हसून निघून जायचे. फेस आमच्या दुकानात आणि खरेदी मोबाइलवर. मला त्यांचा फार राग यायचा.

पण खरं सांगायचं तर याला दुसरीही एक बाजू होती. काकांच्या मुलीने आतल्या खोलीत पार्सलं पाठवायचं काम सुरू केलं होतं. ती आडमुठी नव्हती, वडिलांवर तिचा जीव होता. एके दिवशी तिने काकांना विचारलं, "बाबा, आज ज्याला साबण पाठवला ना, त्याच्या घरापासून बसने पाच तासांवरसुद्धा असं दुकान नाही. त्याने दाढी करायचीच नाही का?" काका कपाटाची काच पुसत राहिले, आणि मला कळलं की तिचं म्हणणं त्यांना पटलं आहे. म्हणूनच त्यांना जास्त लागलं. दुकानाची पुढची खोली रिकामी करून तिथेही खोकी बांधायचं ठरलं. बेसिन काढायला प्लंबर पुढच्या आठवड्यात येणार होता.

त्याच आठवड्यात एक वयस्कर बाई दुकानात आल्या. दारातच त्यांनी विचारलं, दुसऱ्याची दाढी करायला सोपा असा रेझर मिळेल का?

त्यांचे यजमान नकाशे काढणारे होते. चाळीस वर्षं एका कचेरीत त्यांनी इमारतींची रेखाटनं केली. रोज सकाळी दाढी, मग चहा, मग काम. दिवस कधी चुकला नाही. चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. घरी न्हावी बोलावला तर तो सारखी हळहळ करायचा, म्हणून यजमानांनी त्याला परत यायला बंदी केली. बाईंनी ऑनलाइन एक मशीन मागवलं. लोकांनी त्याची तोंडभर स्तुती केली होती, पण यांच्या गालावर पुरळ उठलं. मशीन बिनतक्रार परत घेतलं गेलं. पुरळ परत घेणारं कोणी नव्हतं. तेव्हापासून ते भिंतीकडे तोंड करून पडलेले. जुने मित्र भेटायला आले तर आतूनच सांगायचे, झोपलोय म्हणून सांग. बाई हे सगळं शांत आवाजात सांगत होत्या, पण पिशवीचे बंद त्यांनी मुठीत करकचून धरले होते.

"ते कुणाला भेटेनासे झालेत हो," त्या म्हणाल्या. "माझ्याकडेसुद्धा बघत नाहीत."

काका पेचात पडले. चेहरा बघायला हवा आणि चेहरा तर घरात, भिंतीकडे वळलेला. शेवटी त्यांनी एक कोरं कार्ड बाईंच्या हाती दिलं आणि सांगितलं, की ते झोपले असतील तेव्हा गालावरून बोटं फिरवा आणि केस जातील तिकडे बाण काढा. आणि तीन दिवसांनी या, तोवर मीही दाढी करत नाही.

तीन दिवस काकांच्या गालावर पांढरे खुंट वाढत गेले. मुलीने दोनदा त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. चौथ्या सकाळी बाई आल्या. कार्डावर त्यांनी पेन्सिलीने नेटके बाण काढले होते, आणि जबड्याखाली एका बाजूला गोल भोवरा. काकांनी कार्ड निरखलं, मान हलवली आणि आजवर जे कधी केलं नव्हतं ते केलं. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतः बसले. "माझ्यावर शिका," म्हणाले.

दुकानात बाकीचे ब्रश खोक्यांत बंद झाले होते. बाहेर मी एकटाच. बाईंनी मला बुडवलं, झटकलं, घोळवलं आणि काकांच्या गालावर टेकवलं.

मित्रांनो, त्या क्षणाचं काय सांगू. गाल कोमट असतो. तो आतून हलतो. फेसाखाली खुंट उभे राहतात आणि वाकतात. मी एकोणीस वर्षं ज्याची आस धरून होतो ते मला मिळालं, तेही ज्यांनी मला रोज हाताळलं त्यांच्या गालावर. माझा ऊर भरून आला, आणि थोडं पाणी मुठीवरून ओघळलंही.

"ताई, दाबू नका," काका फेसाआडून म्हणाले. "रेझरचं वजनच पुरतं. तुम्ही फक्त दिशा द्या." मग त्यांनी कार्ड समोर धरलं आणि कुठे खालून वर, कुठे आडवं, ते स्वतःच्या चेहऱ्यावर बोट ठेवून दाखवलं. भोवरा त्यांनी उजव्या जबड्याखाली दाखवला. बाई क्षणभर थबकल्या. त्यांना वाटलं, मला तर दुसरीकडे लागला होता. पण इतक्या वर्षांच्या जाणत्या माणसापुढे बोलायचं कसं? आपलाच हात चुकला असेल, असं मानून त्यांनी रेझर काकांनी दाखवलेल्या बाजूला वळवला. दुपारपर्यंत त्यांचा हात बसला. निघताना त्यांनी तो रेझर विकत घेतला आणि ब्रशाचीही किंमत विचारली. काकांनी आपला नेम पहिल्यांदाच मोडला, मला साबणाने स्वच्छ धुतलं आणि रुमालात गुंडाळून त्यांच्या पिशवीत ठेवलं.

"हा विकायचा नाही, ताई. तुमचा हात याच्यावर बसलाय, घेऊन जा."

पिशवीतून मी शेवटचं बघितलं ते बेसिन. ते अजून ओलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या घरात मी यजमानांच्या गालाला लागलो. ते डोळे मिटून बसले होते. फेस फिरवतानाच माझ्या लक्षात आलं. भोवरा डाव्या जबड्याखाली होता. तिथले केस उलटे उठत होते. पण ब्रशाला सांगता कुठे येतं? बाईंनी शिकवल्याप्रमाणे हात फिरवला, रेझर अडकला आणि रक्ताचा थेंब फेसावर आला. यजमानांनी तोंड फिरवलं.

बाईंचा धीर सुटला. त्यांनी रेझर खाली ठेवला आणि ते कार्ड नवऱ्याच्या मांडीवर टाकलं. "कागदाप्रमाणेच केलं मी," त्या रडत म्हणाल्या. "झोपेत तुमचा चेहरा चाचपून काढलाय. याहून जास्त मला येत नाही."

मग यजमानांनी डाव्या हाताने कार्ड उचललं. बाण बघितले, भोवरा बघितला. आपल्या जबड्याला हात लावला, पुन्हा कार्डाकडे बघितलं. चाळीस वर्षं ज्यांनी रेखाटनं तपासली, त्यांना चूक सापडायला कितीसा वेळ लागणार?

"पेन्सिल दे," ते म्हणाले. आणि कार्डाच्या माथ्यावर डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत त्यांनी लिहिलं : समोरून.

"तू समोर बसून काढलंस. त्याने आरशातलं म्हणून वाचलं. कुठून बघितलंय ते लिहायचं असतं, नाहीतर डावं-उजवं होतं." मग बायकोकडे बघत म्हणाले, "चित्र मात्र बरोबर आहे. चल, उरलेली कर."

त्या सकाळी दाढी पुरी व्हायला तास लागला. हनुवटीखाली राहिलंय, नाकाखाली राहिलंय, अशा तक्रारी सुरू होत्या, आणि बाई प्रत्येक तक्रारीला हसत होत्या.

बाईंनी फोन करून काकांच्या मुलीला सगळं कळवलं आणि साबणाची एक वडी मागवली. तिने मोबाइलवरच्या मागणीच्या फॉर्मात त्याच दिवशी एक प्रश्न वाढवला : दाढी कोण करणार, स्वतः की घरातलं कुणी? काकांना मात्र चैन पडलं नाही. बाईंची वडी पार्सलने जायची होती. ती त्यांनी मुलीच्या हातातून घेतली आणि स्वतःच आमच्या दारात येऊन उभे राहिले. कुणी भेटायला आलंय म्हटल्यावर बाई सवयीने म्हणाल्या, ते झोपलेत. आतून आवाज आला, "जागा आहे. येऊ दे त्यांना."

काका आत आले. चूक झाली म्हणाले. मग न विचारता पुढे झाले आणि त्यांनी यजमानांच्या डाव्या जबड्याखालून बोटाची पाठ फिरवली. यजमानांनी चेहरा वर करून दिला. दोघं म्हातारे तासभर बोलत बसले, इमारतींबद्दल आणि बंद झालेल्या पुढच्या खोलीबद्दल. तिथे आता छतापर्यंत खोकी आहेत म्हणे. मला ती खोली आठवली आणि फार वाटलं, काकांनी मला एकदा उचलून हातात धरावं. त्यांनी नुसतं बघितलं, केस खाली करून टांगलाय ना याची खात्री केली.

मित्रांनो, घरबसल्या वस्तू जरूर मागवा. दूरच्या माणसाला तोच आधार आहे. पण जिथे आधी तुमच्याकडे बघतात आणि मग कपाट उघडतात, असं दुकान जवळ असेल तर ते बंद पडायच्या आत तिथे जाऊन या. आणि आम्हा ब्रशांना वापरून झाल्यावर धुऊन टांगत जा, एवढं एक मागणं.

त्या दिवशी काका निघाले तेव्हा यजमानांनी त्यांना विचारलं होतं, पुन्हा कधी येणार? काका म्हणाले, हा साबण संपला की.

तेव्हापासून दिवसाआड बाई मला वडीवर घोळवतात, आणि ज्यांनी आयुष्यात पेन्सिलीचा तुकडाही वाया घालवला नाही ते यजमान म्हणतात, "साबण जरा जास्त घे."