लिंबाला वळसा

"साखर कमीच," असं मालनच्या कानाशी पुटपुटून तिचा नवरा सुबराव सायकलवरून पुढं गेला. गेला म्हणजे घराला वळसा घालायला गेला. सायकलला इंजिन बसवल्यापासून तो खाली उतरला नव्हता. दर फेरीला त्याचं वर्तुळ बोटभर आत यायचं, आणि घर तेवढंच अरुंद व्हायचं. मालन दारात कपबशी झेलायला उभी होती. कप आला, बशी आली नाही.

इंजिन फवारणीच्या पंपाचं. गरज काही नव्हती, तो कामाला जायचा तो कारखाना चालत जाण्याच्या अंतरावर. पण रफीक मिस्त्रीच्या वेल्डिंगच्या दुकानात रविवारी चार टाळकी जमायची, सायकलींना इंजिनं ठोकायची आणि माळावर फटफट करत पोरांसारखी खिदळायची. इंजिन बसल्यावर ब्रेकचं ओझं कशाला, म्हणून सुबरावनं ब्रेक काढून टाकले. नव्या गाडीच्या चाकाखाली ठेवतात तसं मालननं लिंबू ठेवलं. चाकानं लिंबाला वळसा घातला. तो वळसा अजून संपलेला नाही.

आधी हौद गेला, मग मोरी. कपाटाचं दार उघडेनासं व्हायच्या आत मालननं ठेवणीतल्या साड्या काढून एकावर एक नेसून घेतल्या. सुबरावच्या आईनं पलंग भिंतीला उभा केला आणि त्याला टेकून उभ्यानं झोपायला लागली. पडाल हो आत्याबाई, असं मालन म्हणाली, तर म्हातारी म्हणाली, पडायला जागा कुठाय?

शेजारणी चौकशीला आल्या की मालन सांगायची, पेट्रोल संपलं की थांबतील. शेजारणीही मान डोलवून तेच म्हणायच्या. रफीक मिस्त्री यायचा, कान देऊन आवाज ऐकायचा.

"लय अ‍ॅव्हरेज देतंय, वहिनी," म्हणायचा, आणि खाली बघत निघून जायचा.

मालननं दर फेरीला लिंबू ठेवून पाहिलं. चाक त्याला चुकवायचंच. एकदा ती स्वतःच वाटेत आडवी झाली. सुबरावनं तिलाही अदबीनं वळसा घातला, आणि त्या फेरीत खिडकी गेली.

"अहो, आम्ही दोघी आत आहोत," ती म्हणाली.

फटफट तेवढी वाढली.

आता घर दोन बायकांच्या रुंदीचं उरलं होतं. सासू-सुना पाठीला पाठ लावून उभ्या होत्या. चहा द्यायला दारात यावं लागत नव्हतं, सुबरावचा खांदाच मालनच्या खांद्याला घासून जायचा. या फेरीला तिनं चहा केला नाही. हात पुढं केला आणि चालत्या इंजिनावर तळवा दाबून धरला. भाजला तर भाजला, निदान वळून तरी बघतील.

इंजिन गार होतं. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं, वाळून खडखडीत झालेलं. फटफट मात्र अगदी कानाशी आली. सुबरावचे ओठ फुटले होते, गाल थरथरत होते, थुंकीचे तुषार तिच्या मनगटावर पडले.

तो कोपऱ्यावरून वळला. भिंत आणखी बोटभर आत आली.

"गरम होतं का गं?" पाठीमागून म्हातारीनं विचारलं.

मालननं मनगट पदराला पुसलं. फटफट परसाकडून फिरून पुन्हा जवळ यायला लागली.

"पहिल्याच दिवशी बंद पडलंय ते इंजिन," म्हातारी म्हणाली. "पायडल माझं लेकरूच मारतंय."