टॅबिथाला बोलिंग आवडतं, असं लिहिलंय

मित्रांनो, मी एक जुना, नारिंगी, दहा पौंडांचा बोलिंगचा चेंडू आहे आणि मला माणसं आवडत नाहीत. तुम्ही ज्या बोटांनी नाक कोरता तीच माझ्या भोकांत घालता, आणि वर मी जड आहे म्हणून कुरकुरता. तरी माझी कथा ऐका. तुमच्या हिताची आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. मला तीन भोकं पाडणाऱ्या माणसाला त्या दिवशी सर्दी होती. अंगठ्याचं भोक तिरकं आहे ते त्यामुळे. मग मी अमेरिकेत, टोलेडो शहरातल्या एका बोलिंगच्या हॉलमध्ये आलो. तारुण्यात एका दाताच्या डॉक्टरने माझ्याकडून सलग सहा वेळा दहाच्या दहा पिना पाडल्या आणि माझा मुका घेतला. माझ्या आयुष्यातलं कौतुक एवढंच. पुढे चकचकीत चेंडू आले आणि मी खालच्या फळीवर गेलो.

तिथून मला टीव्हीवाल्यांनी उचललं. त्यांचा एक कार्यक्रम होता, 'हवंय एक घर'. सरकारच्या ताब्यातली, परक्यांच्या घरी तात्पुरती राहणारी मुलं त्यात दाखवायची, म्हणजे कोणीतरी कायमचं दत्तक घेईल. मूल आनंदी दिसावं म्हणून त्याला बोलिंग खेळवत. नारिंगी रंग कॅमेऱ्यात उठून दिसतो म्हणून चेंडू मी. आणि खाली अक्षरं येत, 'याला बोलिंग आवडतं.' अकरा वर्षांत त्रेसष्ट मुलांना बोलिंग आवडलं.

लहानगी पंधरा दिवसांत खपत. तेरा-चौदाच्या पुढची दोन वर्षांनी पुन्हा येत, मोठ्या मापाचे बूट मागत.

टॅबिथा तिसऱ्यांदा आली तेव्हा सोळा वर्षांची होती. खेळायचे बूट भाड्याने देणाऱ्या खिडकीत वांडा कोवाल्स्की बसायची. साठीची पोलिश विधवा, हातात कायम बुटांचा वास मारायची फवारणीची बाटली.

"सात," टॅबिथा म्हणाली.

"आठ. मागच्या खेपेला सात होता. त्याच्या आधी पाच."

"माझ्या पायावर पाळत ठेवता का तुम्ही?"

"वासावर ठेवते. मोजे घाल."

त्या दिवशी एक जोडपं भेटायला आलं होतं. डेल आणि कॉनी. दोघांच्या अंगात एकसारखे बोलिंग संघाचे शर्ट. जुना कार्यक्रम पाहून आले होते. टॅबिथासाठीही शर्ट आणला होता, त्यावर नाव 'टॅबी'. आमच्या हॉलच्या मांजरीचंही तेच नाव आहे.

"आमच्या संघात चौथा गडी कमी आहे," डेल म्हणाला. "तू खेळतेस ना, झालं तर मग."

टॅबिथाने मला उचललं आणि सात वेळा बाजूच्या नालीत घातलं. आठव्यांदा मी शेजारच्या रांगेत गेलो आणि तिथल्या पिना पाडल्या.

"हिच्या माहितीच्या कागदावर तर आवडतं असं लिहिलंय," कॉनी म्हणाली.

"कागदाला खेळवा," टॅबिथा म्हणाली.

सरकारी बाई लॉर्नामॅडम तिला खांबाआड घेऊन गेल्या. मी जवळच लोळत होतो. "बाळा, हो म्हण. अठरा झालीस की यादीतून नाव जाईल. मग कोणीच नसेल."

"यांना चेंडू फेकणारी हवीये."

"पण घर आहे त्यांच्याकडे."

टॅबिथाने बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. इथे इतक्या मोठ्या मुलाच्या संमतीशिवाय दत्तक होत नाही. 'नाही' म्हणायला दोन अक्षरं लागतात. तिला ती घाम गाळून काढावी लागली.

"नाही," ती म्हणाली.

डेलने शर्टाची घडी घातली. लॉर्नामॅडमनी डोळे पुसले. तेवढ्यात खिडकीतून वांडा म्हणाली, "मला मिळेल का?"

"काय मिळेल?" लॉर्नामॅडम.

"ही. माझ्याकडे एक खोली आहे. सध्या त्यात शिवणाचं मशीन आहे, ते हलवता येतं."

"मला तुम्ही आवडत नाही," टॅबिथा म्हणाली.

"मलाही तू नाही. बूट फेकतेस. कोबी खातेस का?"

"नाही."

"खाशील. बोलिंग खेळावं लागणार नाही. मलाही त्याचा वीट आलाय."

टॅबिथाने तिच्याकडे नीट पाहिलं. "शनिवारी येऊन खोली बघते. बघते म्हणजे फक्त बघते."

फॉर्म, प्रशिक्षण, घराच्या तपासण्या यांत नऊ महिने गेले. एवढ्या काळात दोघी अकरा वेळा कायमच्या भांडल्या. शेवटी दत्तकाच्या दिवशी टीव्हीवाले कॅमेरा घेऊन कोर्टात गेले आणि आमच्या हॉलमधल्या पडद्यावर मी ते पाहिलं. न्यायाधीशबाईंनी टॅबिथाला विचारलं, "तुझी मनापासून संमती आहे?"

टॅबिथाने आधी छताकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे, मग पुन्हा छताकडे.

"घाई नाही," वांडा म्हणाली. हा वांडाने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलेला मऊ शब्द असावा.

"आहे," टॅबिथा म्हणाली. "पण शिवणाचं मशीन परत खोलीत आणायचं नाही."

मित्रांनो, मला वाटतं मला गहिवरून आलं होतं. भोकात काहीतरी अडकलंही असेल.

तर आता विनंती. पुढच्या मंगळवारी ऑर्विल येतोय. पंधरा वर्षांचा, बूट दहा नंबर, दुसरी खेप. तुमच्यापैकी कोणी त्याला भेटायला येणार असेल तर आधी त्याला विचारा त्याला काय हवंय, आणि उत्तराला वेळ लागला तर थांबा. मला हात नाही लावलात तरी चालेल. खरं तर लावूच नका.