आधीबघा सरांचं स्टूल

मित्रांनो, त्या गुरुवारला आता सहा वर्षं होतील, तरी मी अजून सावरलेलो नाही. लाकडाला कसला आलाय धक्का, असं तुम्ही म्हणाल. पण तो बसला, आणि आजही मधूनच बसतो. म्हणून तुमच्याशी बोलायला बसलोय.

मी एक साधं लाकडी स्टूल आहे. एका मोठ्या हॉस्पिटलच्या सुताराने मोडक्या दाराच्या फळ्यांतून मला घडवलं. चार पाय, वर चौकोनी बैठक, बाकी नखरे नाहीत. एक पाय तीळभर आखूड राहिला. सुतार म्हणाला, चालतंय, आणि त्याने मला पुरुषांच्या वॉर्डात पाठवून दिलं. तिथल्या मोठ्या सिस्टरांनी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून त्या पायाखाली सारला आणि माझा संसार सुरू झाला.

मला मान मिळवून दिला तो सरांनी. ते डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांना पेशंट कसा तपासावा ते शिकवायचे. पुस्तकात पायऱ्या दिलेल्या असतात. आधी बघायचं, मग हाताने चाचपायचं, मग बोटाने ठोकून आवाज घ्यायचा, आणि सगळ्यात शेवटी स्टेथोस्कोप लावायचा. पण मुलांना गळ्यातला स्टेथोस्कोप कधी एकदा लावतो असं झालेलं असे. सर तो काढून घेत, मुलाला माझ्यावर बसवत, हात मांडीवर ठेवायला लावत आणि म्हणत, "आधी बघा." पूर्ण दोन मिनिटं. पेशंटच्या उजव्या बाजूला, त्याच्या नजरेच्या उंचीवर. या दोन शब्दांवरून मुलांनी त्यांचं नावच आधीबघा सर पाडलं होतं. सरांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

एकदा एका हुशार मुलाने पेशंटच्या हृदयाचे आवाज असे काही वर्णन केले की सगळे बघत राहिले. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, पेशंटच्या एकाच चपलेचा पट्टा का कापलाय? मुलाने चप्पल बघितलीच नव्हती. पाय सुजून चपलेत मावेना, म्हणून त्या माणसाने घरीच कात्री चालवली होती. त्या दिवसापासून तो मुलगा वॉर्डात शिरला की आधी खाटेखाली वाकून बघायचा. पेशंट हसायचे.

अशी एकोणीस वर्षं गेली. दर वर्षी नवी मुलं, आणि माझ्यावर बसून शिकलेली जुनी मुलं गावोगावी डॉक्टर. मला वाटायचं, माझ्याइतकं भाग्यवान स्टूल नसेल.

मग तो गुरुवार आला. सकाळचे अकरा वाजले होते. चार नंबरच्या खाटेवर एक रंगारी होता. भिंती रंगवणारा, बडबड्या माणूस. त्याला फुप्फुसाचा जुना आजार होता आणि त्यामुळे त्याच्या बोटांची टोकं फुगीर झाली होती, नखं घड्याळाच्या काचेसारखी गोल. सर त्या दिवशी तेच दाखवत होते. खाटेभोवती बारा मुलं उभी होती.

सरांनी रंगाऱ्याच्या दोन्ही हातांच्या तर्जन्या नखाला नख लावून खिडकीच्या उजेडात धरल्या. निरोगी माणसाची नखं अशी टेकवली की मधे पतंगाच्या आकाराची बारीक फट राहते, आणि तीतून उजेड दिसतो. रंगाऱ्याच्या नखांमधे ती नव्हती. मग सरांनी नेहमीप्रमाणे स्वतःच्या दोन तर्जन्या वर धरल्या. आता निरोगी माणसाची बघा, म्हणाले. एकोणीस वर्षं ते हेच करत आले होते. स्वतःच्या बोटांकडे बघायची त्यांना गरज वाटत नसे. त्यांची नजर मुलांच्या चेहऱ्यांवर असे.

"दिसली फट?"

अकरा माना हलल्या. फट असते असं पुस्तकात वाचलं होतं, म्हणून ती दिसली.

बारावी मान हलली नाही. ती एका अबोल मुलीची होती. तिचा आवाज इतका बारीक की सगळे तिला कुजबुज म्हणत. ती काहीतरी पुटपुटली. सरांनी तिला मोठ्याने बोलायला सांगितलं.

"सर, फट नाहीये."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सरही हसले. त्यांनी तिला जवळ बोलावून माझ्यावर बसवलं आणि नीट बघायला सांगितलं. तिने हात मांडीवर ठेवले आणि सरांनी शिकवलं होतं तसं पूर्ण दोन मिनिटं बघितलं. 

"नाहीये सर. उजेड येत नाही."

तेव्हा सरांनी स्वतःची बोटं स्वतःच्या डोळ्यांसमोर आणली.

मग रंगारी अगदी हळू आवाजात बोलला.

"मी सोमवारीच बघितलं होतं, डॉक्टर. माझ्यासारखीच आहेत. पण म्हटलं, डॉक्टरला आपण काय सांगणार."

सरांनी हात खाली घेतले आणि वर्ग सोडला नाही. ही बोटं अशी होण्याची कारणं सांगा, म्हणाले. मुलांना यादी तोंडपाठ होती. पहिल्या नंबराच्या मुलाने तोंड उघडलं आणि मिटलं. सरांनी विचारलं, आज कुणाचाच अभ्यास झाला नाही का? मग यादी त्यांनीच म्हटली, नेहमीच्या क्रमाने. पहिलं नाव फुप्फुसाच्या कॅन्सरचं होतं.

यादी संपल्यावर कुजबुज माझ्यावरून उठली आणि तिच्या जागी सर बसले. आणि मला जो धक्का बसला, तो तेव्हा. सर हलके झाले होते. आजच नव्हे, कित्येक महिन्यांपासून. पूर्वी ते बसले की माझा आखूड पाय करकरायचा. तो करकरायचा थांबला, तेव्हा मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, चला, आपल्या म्हातारपणी भार कमी झाला. चार महिने मी त्या सुखात होतो.

दुपारी एक्स-रे निघाला. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला लिंबाएवढी सावली होती. दोनच दिवसांत आधीबघा सर त्याच वॉर्डात सात नंबरच्या खाटेवर आले, आणि मी त्यांच्या शेजारी.

त्यांची बायको माझ्यावर बसून मोठ्या सिस्टरांना सांगत होती. तिने स्वतःच्या हाताने नवऱ्याच्या दोन पँटी कमरेत आत घेतल्या होत्या. नवरा अखेर पोट कमी करायचं मनावर घेतोय, म्हणून ती खूश झाली होती. शेजारणीला कौतुकाने सांगितलंसुद्धा होतं. सिस्टर ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या की त्यांनाही सर खोकताना दिसायचे. खडूची धूळ असेल, असं त्यांनी धरून टाकलं होतं. दोघी बराच वेळ एकमेकींकडे बघत नव्हत्या.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी सर्जन आले. बरोबर आठ-नऊ जण. ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, एकाने फाइल वाचली, दुसऱ्याने एक्स-रे खिडकीला धरला. पुरुष, वय त्रेपन्न, वजन नऊ किलोने कमी. मी कुणाच्या तरी पायात आलो, म्हणून त्याने मला पायानेच खाटेखाली ढकललं. चार मिनिटांत सगळे पुढे गेले. सरांकडे कुणी बघितलं असेल, तर ते मला खालून दिसलं नाही.

मग ती बारा मुलं आली. कुठे उभं राहावं हे त्यांना कळेना. कुजबुजने वाकून मला बाहेर ओढलं आणि ती उजव्या बाजूला बसली.

"सर, काय होतंय तुम्हाला?"

सरांनी शिकवल्यासारखी सुरुवात केली. खोकला किती दिवस, भूक कशी, वजन किती.

"ते फाइलमध्ये आहे, सर," ती म्हणाली. "तुम्हाला काय होतंय?"

सरांनी नजर छताकडे वळवली. 

"भीती वाटतेय," ते म्हणाले. "फार वाटतेय."

यानंतर काय विचारायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण ती उठली नाही. दारात सरांची बायको डबा घेऊन उभी होती. एकतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने त्यांच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. डबा खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

ऑपरेशन झालं. सात महिन्यांनी सर परत आले. आवाज निम्मा राहिला होता. सकाळचे दोनच तास शिकवत, पण स्वतःची बोटं पुन्हा कधी निरोगी म्हणून दाखवली नाहीत. त्यासाठी मुलांनाच एकमेकांची नखं बघायला लावत. एकदा कुजबुज त्यांच्यासमोर रडली. मी तुम्हाला असं सगळ्यांदेखत सांगायला नको होतं, म्हणाली. सरांनी तिला सांगितलं की तिने त्यांना दोन वर्षं मिळवून दिली. तो हिशोब जवळजवळ खरा निघाला. सव्वादोन वर्षांनी दुखणं उलटलं, आणि त्या वेळी कुणाचं काही चाललं नाही.

आता वॉर्डात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्यात. मी एक्स-रेच्या खोलीबाहेर असतो. माझा रंग गेलाय, पुठ्ठाही कधीचा गळून पडला. त्याबद्दल तक्रार नाही. मोठाले लिफाफे मांडीवर घेऊन माणसं माझ्यावर बसतात, सोबतचा माणूस मोबाइलमध्ये बघत असतो.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. रोज ज्यांच्याबरोबर जेवता, शिकता, काम करता, त्यांच्याकडे एकदा नीट बघा. वेगळं काही दिसलं तर सांगून टाका. चुकलात तर लोक हसतील, घटकाभराने विसरतील. सरांचा भार कमी झालेला मला कळत होता, पण मला तोंड नाही. त्या चार महिन्यांत त्या वॉर्डात तोंड असलेली किती माणसं येऊन गेली, ते मी अजून मोजतोय.