आजीची सवत

प्रेरणा, तू फक्त ऐक. मधात बोलू नको, नाहीतं मी अर्धं विसरून जाईन.

काल दुपारी आजी माह्यासमोर येऊन उभी राह्यली. ठेवणीतलं लुगडं, पायात चपला. म्हणे, "मयुरे, स्कूटी काढ. आज माह्या सवतीले पाहू."

मले हसूच आलं. नाचणगावात सारे काय चिडवतेत, तुले माहीत नाही? आमच्या आबानं जन्मभर सायकलीचे पंक्चर काढले. दुकान बंद झालं तवापासून हा बुढा दर रविवारी आंघोळ करून, भांग पाडून, पुलगावच्या बाहेर ते जुनं गोऱ्यांचं कबरस्तान आहे ना, तिथं जाते. मडमेच्या कबरीपाशी बसते. नळावर बाया आजीले विचारतेत, "काय वं सीताबाई, गोरी काय म्हनते?" आजी वरून हसते. पण रविवारी आमच्या घरची भांडी अशी आपटतेत, का शेजारची कुत्री उठून जातेत.

गेलो. अन् काय जागा आहे वं! फाटक गंजून एका बिजागरीवर लटकलेलं. आत सीताफळाची झाडं मातलेली, अन् त्याच्यात दगडच दगड. एक देवदूत, मुंडकं नसलेला. एका एवढ्याशा दगडावर पोरीचं नाव, वर्षाची बी नव्हती. रस्त्यावर ट्रक बोंबलतेत अन् आत पान पडलं तं ऐकू येते. मी बोट फिरवून फिरवून नावं वाचत सुटली. खरं सांगू? मले आबाचा रागच आला. एवढी जागा याले माहीत, अन् एकदा बी मले आणलं नाही?

तेवढ्यात आजीनं माह्यं मनगट धरलं.

कडुनिंबाखाली आबा बसला होता, काडीनं दगडावरचं शेवाळ खरवडत. अन् बोलून राह्यला होता! आमचा आबा! जो घरी जेवताना फक्त "मीठ" म्हणते, तो!

"डाव्या डोयानं कायीच दिसत नाई आता. डॉक्टर म्हनते, उशीर केला. घरी नाई सांगतलं म्या. भेव लागते, बाई. उजवा बी गेला तं?"

आजीनं माह्यं मनगट सोडलं.

मी घाई केली. मले वाटलं, हे भांडण मी आत्ताच मिटवते. धावत गेली, दगडावरची माती ओढणीनं पुसली अन् त्यावरचं इंग्रजी वाचलं. "आबा! ही मडम नाही! इंजिन ड्रायव्हर आहे हा. माणूस! तापानं मेला." अन् आजीकडं वळली, "झालं? सवत नाहीच तुले!"

आबा दगडाकडं पाहतच राह्यला. "मानूस? अन् म्या याले आजपर्यंत बाई म्हनून राह्यलो?"

मी हसली. आजी नाही हसली.

"बाई असती तं परवडलं असतं," ती म्हणे. "बाईपाशी मानूस मन मोकयं करते, समजून घेतलं असतं म्या. पन हा कोन? ना नात्याचा, ना गावचा. त्याले तुमचा डोया माहीत, अन् मले नाई?"

"तुले काऊन भेव दाखवाचं वं..."

"मंग मी कशाले हावो? एका ताटात जेवते, एका छताखाली निजते, अन् तुमी भ्याले हे मले त्या गोऱ्याच्या दारात येऊन कयावं?"

मग तिनं काय केलं, तुले खरं नाही वाटणार. पदर खोचला. ड्रायव्हरच्या बाजूले मोकळी जागा होती, तिथं गवतात मांडी घालून बसली. हात गुडघ्यावर, डोळे गच्च मिटलेले.

"समजा, मी बी दगड हावो. बोला."

आबानं काडी खाली ठेवली. ओठ हलले त्याचे. मग त्यानं माह्याकडं पाह्यलं.

मले ऐकाचं होतं, प्रेरणा. लई ऐकाचं होतं. माह्याशी बी तो कधी दोन वाक्यं बोलला नाही. मी नात आहे ना त्याची? आजी तशीच, पापणी बी हलवत नव्हती. अन् तो मी जायची वाट पाहून राह्यला होता.

गेली मी, फाटकापाशी. तिथून काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त आबा हळूहळू तिच्याकडं सरकून राह्यला होता, एवढंच दिसत होतं.

सांग ना, तू असती तं गेली असती का तिथून?