गाडीत बसलेला बैल

“अण्णासाहेब, तुमची गाडी लाईटवर पळती का पेट्रोलवर?”

विचारून झालं आणि दिपालीच्या कानात हलगी वाजायला लागली. सकाळपासून बबिता आणि मनिषा तिला टोचत होत्या, “लई मोबाईलवर गाडीचं पुस्तक वाचती ना? मग विचार की अण्णालाच. न्हाई विचारलंस तर तुजी जीभ निस्ती आमच्यापुढंच वळवळती म्हणू.” आता त्याच दोघी बाकाखाली तोंड खुपसून खिदळत होत्या. विज्ञान प्रदर्शनाचे पाहुणे सुंदरराव, गावचे पुढारी, गळ्यातला हार तसाच ठेवून हसले.

“बाळा, गाडी दोन्हीवर पळती. तुजा अण्णा मातर निस्त्या चहावर पळतो!”

हॉल हसला. गुरुजींनी टाळ्या सुरू केल्या. पैज इथं संपली होती, आता मुकाट खाली बसायचं. पण दिपालीची जीभ म्हणजे दावं तोडलेलं खोंड, एकदा सुटलं की शिवार तुडवूनच थांबायचं.

“मग चार्जिंगची वायर पोत्यात कावून बांधून ठेवली? चार्ज न करता पळवली तर पेट्रोल जास्तीच लागणार. त्याला आमचे आप्पा काय करतील?”

टाळ्या विझल्या. दारात बोटात चावी अडकवून उभा असलेला तिचा बाप गहिनीनाथ, सुंदररावांचा ड्रायव्हर, स्वतःच्या चपलेकडं बघायला लागला.

खरं तर ही गाडी उन्हाळ्यात पुण्याहून आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद दिपालीलाच झाला होता. प्लग-इन हायब्रिड! जन्मभर जीप हाकलेल्या गहिनीनाथला ते बटणांचं जंगल बघून घाम फुटला, तेव्हा तिनंच रात्री जेवता जेवता समजावलं होतं. “आप्पा, बैलजोडी समजा. एक बैल पेट्रोलचा, एक बॅटरीचा. गावात हळू जाताना बॅटरीवाला एकटा वढतो. धारूरचा घाट लागला की दोघं मिळून. फकस्त बॅटरीवाल्याला रोज वैरण टाकायची, म्हंजी वायर लावायची.” गहिनीनाथला ते पटलं. त्यानं वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतलं आणि तो गाडीला रोज वायर लावायला लागला. गाडी मांजरीच्या पावलानं चालायची.

आणि तिथंच माशी शिंकली. तलवाड्याला एका साखरपुड्यात गाडी इतकी गुपचूप मांडवापाशी गेली, की कुणाला पत्ताच लागला नाही. जुन्या जीपचा आवाज वेशीतून यायचा, माणसं टोप्या सावरत उभी राहायची. इथं एक माणूस उठला नाही. उलट, गाडीकडं पाठ करून बसलेला सटवा म्हातारा शेजाऱ्याला विचारत होता, “सुंदऱ्या आजून आला न्हाई का बे? का फोटूवाला आल्याबिगर येतच न्हाई?”

गाडीची काच खाली होती.

दुसऱ्याच दिवशी हुकूम सुटला. वायर पोत्यात, पोतं माळ्यावर. “पेट्रोलवरच ठिव गाडी. आन आवाज आला पायजे.”

आवाज आला, माणसं उठायला लागली, आणि पेट्रोलही धो धो जायला लागलं. मग एकदा सुंदरराव पारावर चारचौघांत म्हणाले, “गहिनीनाथ, पेट्रोल गाडी पिती का तूच पितो बे?” पार हसला. गहिनीनाथही हसला. दिपालीच्या काळजाला घरं पडली ती त्या हसण्यानं.

“आप्पा, बॅटरीचं वजन काय कमी हाय? त्यांनी एक बैल जुपायचा सोडून गाडीत बसवला, आन दुसऱ्याला म्हणत्यात वैरण लई खातो! सांगा की त्यांना!”

“मालकाची गाडी, मालकाची मर्जी.”

दोन महिने हेच. भिंतीशी बोललं असतं तर पोपडे तरी पडले असते.

म्हणून आज हॉलमध्ये जीभ सुटली होती. सुंदररावांना मात्र रागवायचं नव्हतं, जिंकायचं होतं. प्रदर्शन संपल्यावर अर्धी शाळा आणि पारावरची माणसं मागं घेऊन ते आपल्या घरी आले. माळ्यावरचं पोतं खाली काढलं. वायर सोडून दिपालीच्या हातात दिली.

“लाव. बघू दे गावाला, काय चमत्कार व्हतो.”

दिपालीनं ताठ मानेनं गाडीच्या अंगचं झाकण उघडलं, आणि तिचा हात थांबला. आतलं चार्जिंगचं तोंड पिवळंधमक होतं.

दसरा! सुंदररावांची आई केशरआजी त्या दिवशी गाडीची पूजा करत होती. “जिथनं खाती ते तोंड आधी पुजायचं,” म्हणून तिनं गहिनीनाथला झाकण उघडायला लावलं. तो म्हणाला होता, “काकी, हितं नको.” पण काकी ऐकते थोडीच! चाकाखाली लिंबू, बॉनेटवर स्वस्तिक आणि त्या तोंडात ओली हळद, कुंकू, वर अक्षता. दिपाली सोनं द्यायला गेली होती, शेजारीच उभी होती. आप्पानं वरवरचं पुसून काढलं, पण बारीक भोकांतली हळद वाळून दगड झाली होती.

“अण्णासाहेब, आत्ता न्हाई लावता येत. आत हळद बसलीय. सर्व्हिसवाल्याकडूनच साफ करून घ्यावं लागंल.”

“झालं का! निघाला बहाणा,” म्हणत सुंदररावांचा पुतण्या पप्पू पुढं आला. त्यानं तिच्या हातातली वायर हिसकली, दणकून आत रेटली आणि भिंतीवरचं बटण दाबलं.

गाडीवर लाल दिवा लागला. घरात खटकन आवाज झाला आणि अख्ख्या घराची लाईट गेली. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले, आणि या वेळी ते गहिनीनाथला हसत नव्हते.

सुंदररावांचा चेहरा हारातल्या झेंडूपेक्षा लाल झाला. त्यांनी वाकून आत पाहिलं. “ही घाण कुणी भरली?”

केशरआजी उंबऱ्यात उभी होती. पदर दातात, नजर जमिनीत.

दिपालीनं तोंड उघडलं. खांद्यावर बापाचा हात पडला, जड.

“माज्याकडूनच झालं मालक. मी बघायला पायजे व्हतं.”

“चावी दे.”

गहिनीनाथनं चावी दिली. वायर हळूच ओढून काढली, गुंडाळली, पोत्यात ठेवली. सीटवरचा आपला टॉवेल घेतला. जाता जाता परत वळला, आणि आत धूळ जाऊ नये म्हणून ते झाकण तळहातानं अलगद दाबून बसवलं.

दिपाली एकटीच तरातरा घरी निघून आली. ओट्यावर ज्वारी निवडत बसलेल्या आईवर, मंजुळाबाईवर, सगळा राग निघाला. “आप्पाची चावी गेली ती माज्यामुळंच म्हण की! म्हण! आन आप्पा तरी असे कसे गं? त्यांची चूक नव्हती तर कावून घेतली अंगावर?”

मंजुळाबाई सुपात बोटं फिरवत राहिली. “आता काय आमी कोयता घिऊन परत कारखान्यावर जायचं म्हणती?” एवढंच म्हणाली.  दिपालीही आईशेजारी फतकल मारून बसली.

थोड्या वेळानं गहिनीनाथ आला. पायी. ना इंजिन, ना हॉर्न. अंगणात पाऊल पडायच्या आत दोघी मायलेकी उठून उभ्या राहिल्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

तो ओट्यावर टेकला, पाणी प्यायला. मग लेकीच्या न विचारलेल्या प्रश्नाला म्हणाला, “म्हातारीनं गाडीला जीव लावून हळद लावली दिपे. आमी उसाला गेलतो तवा तुलाबी तिनंच न्हाऊ घातलं, तसंच हळद लावून. तिला चार माणसात खाली बघाया लावू?”

“आन तुमाला लावलं ते?”

गहिनीनाथनं टॉवेलानं तोंड पुसलं. पुसतच राहिला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी इंजिन गरजलं. पांढरी गाडी. चाकावर नाथा होता, कालपर्यंत सुंदररावांचा ट्रॅक्टर चालवणारा, आणि मागं सुंदरराव. शेजारची भिवराबाई भांडी टाकून उठली. समोरच्या ओट्यावरची माणसं उठली. मंजुळाबाईचे गुडघेही सवयीनं हलले, आणि गहिनीनाथचा हात उठायला म्हणून भिंतीवर टेकला.

दिपालीनं खाली बसकण मारली. आईचा पदर एका हातात धरला, बापाचं मनगट दुसऱ्या.

“आई, आप्पा, ऐका. मी ठरिवलंय. त्या गाडीला मी आजपास्नं उठणार न्हाई. मुकी आली तरी न्हाई, बोंबलत आली तरी न्हाई. मघाशी आप्पा पायी आले तवा मी उठले, मला तेवढं बास हाय.”