बांधाकडचा सरवा

"बांधाकडंची कणसं, खुडू नको धन्या, बाई,
देवाच्या करारात, तुझं-माझं न्हाई."

आईचा आवाज. ज्वारी काढून नेलेल्या रानात ढेकळांवर उकिडवी बसून ती हे म्हणायची आणि मागं राहिलेली कणसं एकेक करून ओच्यात टाकायची. इतक्या वर्षांनी तो आवाज रत्नम्माला जनवाड्याच्या चर्चमध्ये ऐकू आला, नेमका तिच्या नवऱ्यानं, भीमण्णानं, तुळजाची पिशवी अर्पणाच्या टेबलावरून उचलली तेव्हा.

सुगीचा सण होता. टेबलावर भोपळे, ऊस, गुळाची ढेप, पाय बांधलेली कोंबडी. आधी भाकर आणि द्राक्षरसाचं प्रभुभोजन, मग या सगळ्याचा लिलाव. तुळजानं तूर आणली होती. पिशवी खताची होती, पण दाणे असे पाखडलेले की एक खडा सापडला नसता.

"कुठली गं ही तूर?" भीमण्णानं विचारलं. तो मंडळीचा वडील, चर्चचा कारभार बघणारा.

"रानातली, अण्णा."

"कुणाच्या?"

"तुमच्याच की. रास झाल्यावर मागं पडलेल्या शेंगा वेचल्या. सरवा हाय."

"तारेच्या आत शिरलीस म्हण की. इचारलंस कुणाला?"

"सरवा वेचाया कोण इचारतंय, अण्णा?"

तुळजाचा नवरा पुण्याला बांधकामावर गेला, तो पेटीतून परत आला. तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या रानात राबत होती आणि रान रिकामं झालं की सरवा वेचत होती. भीमण्णाही एकेकाळी असाच रिकाम्या हातानं हैदराबादला गेला होता. परतला तो ठेकेदार होऊन. त्यानं रान घेतलं, भोवती तार ओढली, चर्चला फरशी घातली, पंखे लावले. प्रत्येक पंख्याच्या पात्यावर त्याचं नाव होतं.

"नाव तुळजा," तो मंडळीकडं वळून म्हणाला, "आन् चोरीचा माल प्रभूला वाहायलीय!"

"नावाचं नका काढू अण्णा. तुमचं तरी भीमण्णाच हाय की."

बायकांच्या बाजूला हसू फुटलं. भीमण्णाचे कान तांबडे झाले.

"आठवी आज्ञा काय सांगती? सांगा पास्टर. चोरी कबूल करस्तोवर हिला आज प्रभुभोजन न्हाई."

"आज्ञा धा हाईत, भीमण्णा," मागून म्हातारी नागूबाई ओरडली, "तुला आठवीच बरी पाठ!"

पास्टर योगीराजांनी शास्त्र उघडलं. त्यांचं बोट जिथं थांबलं ते पान कोणतं असेल, हे रत्नम्माला लांबूनच कळलं. शेत कापताना कडेपर्यंत कापू नको. पडलेलं उचलायला माघारी फिरू नको. ते गरिबाचं, ते परक्याचं. मिसर देशातल्या गुलामीतून सोडवून आणलेल्या लोकांना देवानं घातलेली ही अट होती; तुम्हीही कधी परके होता, हे विसरू नये म्हणून. आईला अक्षर येत नव्हतं. तिनं कुणा जुन्या उपदेशकाच्या तोंडून ते ऐकलं आणि ओवीत बांधून ठेवलं.

योगीराजांनी वर पाहिलं. पंखा फिरत होता. त्यांनी शास्त्र मिटलं.

"सरव्याचा नियम हाय खरा," ते हळू म्हणाले. "पण तो जुना करार. आता आपण नियमाखाली न्हाई, कृपेखाली हाव."

रत्नम्मा मनात मोजू लागली. कमाईचा दशांश जुन्याच करारातला होता, तो दर महिन्याला मागितला जात होता. शब्बाथ, विसाव्याचा वार, जुन्याच करारातला होता. गेल्या रविवारी भांगलायला गेलेल्या बायकांना याच जागी उभं करून झापलं होतं. ते सगळं जिवंत होतं. बांधाकडची कणसं तेवढी क्रुसावर खिळली गेली होती.

"घे ही," भीमण्णानं पिशवी तुळजाकडं ढकलली.

तिनं हात पुढं केला नाही. पिशवी पडली, तोंड सुटलं, आणि तूर फरशीभर उधळली. कुणी हललं नाही. तुळजा नुसती दाण्यांकडं बघत राहिली.

रत्नम्मा पुढं आली. जरीचा पदर तिनं कमरेला खोचला, डाव्या हातानं ओचा धरला आणि उकिडवी बसली. उजव्या हाताची बोटं फरशीवरून सरकू लागली. टिपायचं, तळव्यात सारायचं, मूठ भरली की ओच्यात. दाणा पाहावाही लागत नव्हता. बाकाखालून, चपलांच्या मधून, भीमण्णाच्या पायाजवळून ती वेचत गेली.

"वैनीचे हात बघा की," कुणीतरी कुजबुजलं.

"ऊठ," भीमण्णा दातांतून म्हणाला. "लोक बघायलेत. कामून इज्जत घालवायलीस?"

सोयरिकीच्या वेळी भीमण्णाच्या घरच्यांना सांगितलं होतं, पोरीच्या बापाचं निंबर्ग्याला रान आहे. निघताना आईनं तिची हनुवटी धरून म्हटलं होतं, सासरी ओवी म्हण, पण ती कुठं बसून शिकलीस ते सांगू नको. तिनं सांगितलं नव्हतं. रानाला तार ओढली त्या दिवशीसुद्धा नाही.

शेवटचा दाणा टिपून ती उठली. ओचा टेबलावर, गुळाच्या ढेपेशेजारी, रिकामा केला. मग वळून भाकर आणि द्राक्षरसाच्या पेल्याला पाठ करून तुळजाशेजारी जाऊन उभी राहिली.

"निंबर्ग्याला आमचं रान नव्हतं," ती म्हणाली. "माझी आई दुसऱ्याच्या रानात सरवा वेचायची. म्या त्याच दाण्यावर वाढले. पास्टर, हिला प्रभुभोजनावरनं उठवायलाव, तर मलाबी उठवा."