चौथ्यांदा वापरलेली खुंटी

मित्रांनो, मी एक जुनी खुंटी आहे. पण भिंतीत ठोकतात तसली नव्हे. मी वीतभर लांबीची, रबरासारखी मऊ, दोन आखूड हातांची आणि मागे नायलॉनचा धागा असलेली खुंटी. माझी जागा गाईच्या पोटात, वासरू ज्या वाटेने जगात येते त्या वाटेवर. हसू येत असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे हसण्यासारखे फारसे नाही.

कारखान्यात घडवतानाच माझ्या अंगात औषध मुरवले होते. गाईच्या पोटात बसून मी ते थोडे थोडे सोडते, आणि मी आत असेपर्यंत गाय माजावर येत नाही. आठव्या दिवशी सगळ्या गाईंमधल्या खुंट्या धागा ओढून एकदम बाहेर काढतात. मग दोन दिवसांनी सगळा कळप एकाच वेळी माजावर येतो, आणि कृत्रिम रेतन करणारी बाई एका दिवसात चाळीस गाई फळवून मोकळी होते. वळू पाळायला नको, गाईंमागे उन्हातान्हात हिंडायला नको. एवढेच माझे काम. पण ते करायला अंगात औषध असावे लागते.

माझे आयुष्य गेले आकिदाउआना गावाच्या पलीकडे, मालकीण दोना ब्रिजिदांच्या कुरणावर; दोना म्हणजे तिकडचे बाईसाहेब. तिथल्या पांढऱ्या, वशिंडाच्या गाई मांसासाठी पाळलेल्या. दर वर्षी वासरू देईल ती गाय राहते. जी रिकामी राहील ती खाटिकखान्याच्या ट्रकमध्ये चढते. दोना ब्रिजिदांचा हा नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता.

जुरेमा ही रेतन करणारी बाई. चार-पाच कुरणांची कामे तिच्याकडे होती. पहिल्या दिवशी तिने मला पाकिटातून काढले तेव्हा साठी ओलांडलेले मुकादम सेऊ नाबोर, म्हणजे आपल्याकडचे नाबोरराव, गाय अडकवायच्या खोड्याला टेकून उभे होते. शिंगाच्या पेल्यातून गार तेरेरे, म्हणजे पाल्याचा थंड चहा, नळीने ओढत त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू त्यांच्या ताटात कुणी गोगलगाय वाढली.

"गाईला गजर लावतेस होय गं, पोरी?"

"गजरच समजा, सेऊ नाबोर. सगळ्या एकदम उठतील."

"मग दोन-चार आमच्या गुराख्यांसाठी पण ठेव. रोज सकाळी हाका मारून माझा घसा बसतो."

खोड्यात पहिली उभी होती गारोआ. तिची आई विजेने मेली, तेव्हा सेऊ नाबोरांनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवले होते. मोठी झाली तरी त्यांची हाक ऐकली की ती कुरणाच्या टोकाहून चालत यायची. मला तिच्याच पोटात बसवले. आठ दिवस मी माझे काम इमानाने केले. गारोआ वेळेवर माजावर आली, फळली, आणि पुढच्या वर्षी तिने पांढरी कालवड दिली. त्या वर्षी चाळीसपैकी चोवीस गाई पहिल्याच फेरीत गाभण राहिल्या. सेऊ नाबोर गावच्या बाजारात उभे राहून आमचे गुणगान करू लागले. वळू विकून टाका, असे दोना ब्रिजिदांना सांगणारेही तेच होते. खोटे कशाला बोलू, मला तेव्हा फार बरे वाटले होते.

आम्ही महागाच्या, म्हणून आम्हाला धुऊन पुन्हा वापरत. तीनदा वापरली की खुंटीतले औषध संपते. खुंटी दिसते मात्र तशीच. म्हणून दर फेरीनंतर जुरेमा आमच्या धाग्याला एक गाठ मारायची. तीन गाठी झाल्या की फेकायचे, हा तिचा हिशेब. दुसऱ्या वर्षी दोन फेऱ्या झाल्या; दुसरीत फक्त रिकाम्या राहिलेल्या गाई होत्या, म्हणून माझ्यासारख्या काहीच खुंट्यांच्या धाग्यावर तिसरी गाठ पडली. मी रिती झाले होते. फेकून देतील म्हणून वाईटही वाटत नव्हते; काम केल्याचे समाधान होते.

पण त्या दिवशी जुरेमाला दुसऱ्या कुरणावर जायची घाई होती. आम्ही सगळ्या धुऊन एकाच डब्यात गेलो. "निवडायचं पुढच्या वेळी बघू," ती म्हणाली.

मधल्या काळात सेऊ नाबोरांना एक गोष्ट सलत होती. कालवडी मोठ्या चौकस असतात. एकीच्या मागे लोंबणारा धागा दुसरीला दिसला की ती तो चघळते, ओढते, आणि खुंटी गवतात पडते. मागच्या फेरीत अशा पाच खुंट्या गेल्या, त्यांच्या जागी नव्या आणाव्या लागल्या होत्या. सेऊ नाबोरांनी एक दिवस कात्री घेतली, डबा पुढ्यात ओढला आणि आम्हा सगळ्यांचे धागे आखूड कापून टाकले. गाठींसकट. ते कापताना शीळ घालत होते, मित्रांनो. इतके प्रेमाने आमचे कुणीच काही केले नव्हते.

तिसऱ्या वर्षी जुरेमाने डबा उघडला आणि एक खुंटी उचलून धाग्याचे कापलेले टोक पाहिले.

"धागे कुणी कापले?"

"मीच. आता ओढू दे त्या भवान्यांना. तुझं एक काम कमी केलं बघ."

"सेऊ नाबोर, गाठी होत्या त्यांच्यावर."

"कसल्या गाठी?"

तिने समजावून सांगितले. सेऊ नाबोरांनी पेला खाली ठेवला. एकेक खुंटी उचलून ते उजेडात धरून पाहू लागले, पण आमच्या अंगावर काय लिहिलेले असते?

"दोनाला सांगू या. नव्या मागवू," ते म्हणाले.

"नव्या यायला पंधरा दिवस. ही फेरी झाली की मला दोन महिने दुसरीकडे जायचंय, तोवर हंगाम संपेल, आणि गाई आज खोड्यात उभ्या आहेत." तिने मला हातात घेऊन दाबून पाहिले. "बऱ्या दिसतायत. निम्म्याहून जास्त चांगल्याच असतील."

मी ओरडायला हवे होते. मी रिती आहे, मला फेका, असे सांगायला हवे होते. पण ज्याला तोंड नाही त्याने सांगायचे कसे? तिने मला गारोआच्या पोटात बसवले.

चार दिवस मी असेल-नसेल ते सगळे दिले. पाचव्या दिवशी गारोआचे अंग तापू लागले. ती हंबरली, शेपटी उचलून कळपात फिरू लागली आणि दुसऱ्या गाई तिच्यावर चढू लागल्या. तिचा माज आला होता, पाच दिवस आधी. मी आत बसून सगळे अनुभवत होते आणि काहीही करू शकत नव्हते. कुंपणापाशी सेऊ नाबोर उभे होते. त्यांना कळले. एवढी वर्षे गुरांत काढलेल्या माणसाला ते न कळून कसे चालेल? त्यांनी जुरेमाला फोन लावला. ती शंभर कोसांवर दुसऱ्या खोड्यापाशी होती, आणि वळू तर विकलेलाच होता.

दहाव्या दिवशी जुरेमाने चाळीसच्या चाळीस गाई फळवल्या.  महिन्याने तपासणी झाली. गाभण होत्या अकरा. गारोआ रिकामी.

सेऊ नाबोर तिथेच खोड्यापाशी, टोपी हातात घेऊन दोना ब्रिजिदांपुढे उभे राहिले.

"दोना, चूक माझी आहे. कात्री मी चालवली. गाईनं काय केलंय?"

"मला ठाऊक आहे, सेऊ नाबोर. पण एकोणतीस रिकाम्या आहेत. तुमची ठेवली तर उरलेल्या अठ्ठावीस का घालवल्या, हे मी स्वतःला काय सांगू?"

"तिला मी बाटलीनं वाढवलंय."

दोना ब्रिजिदांनी हिशेबाची वही मिटली. मग म्हणाल्या, "म्हणूनच त्या दिवशी तुम्ही येऊ नका. घरी थांबा."

ते थांबले नाहीत. मला गारोआच्या पोटातून काढल्यावर जुरेमाने खोड्याच्या खांबामागे भिरकावले होते, आणि मी अजून तिथेच चिखलात पडलेली आहे. म्हणून मला सगळे दिसले. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, हाताखाली माणसे येतील, जनावरे येतील, माझ्यासारख्या वस्तू येतील. कुणी किती झिजले याची मोजदाद त्याच दिवशी करा. पुढच्या वेळी बघू म्हणू नका. झिजलेले स्वतःहून सांगत नाही. ते शेवटपर्यंत धडधाकट दिसते. हे सांगून आता माझ्या हाती काही लागणार नाही, तरी सांगते.

ट्रक आला तेव्हा गाई फळीवर पाय ठेवीनात. गुराख्यांनी आरडाओरडा केला, काठ्या उगारल्या, तशा त्या आणखी मागे सरल्या. ट्रकवाला वैतागला आणि विजेची काठी काढायला गेला. "ती ठेव," सेऊ नाबोर म्हणाले. ते फळीवरून चढून ट्रकच्या आत जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हळूच हाक मारली, "गारोआ."

ती कळपातून वाट काढत आली आणि न बिचकता फळी चढून त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली. तिच्यामागून बाकीच्या सगळ्या चढल्या. सेऊ नाबोर कडेच्या गजांवरून खाली उतरले, तेव्हा तिनेही त्यांच्यामागे यायला मान वळवली.